उजवीकडची दाढ

७ सप्टेंबर १९९०, शुक्रवार

शुक्रवारी भिवंडीतले कापडाचे लूम बंद असतात, त्यामुळे आठवडाभराची दुखणी माझ्या दवाखान्याच्या जिन्यावर येऊन बसतात. आज दोन वाजेपर्यंत एकतीस पेशंट झाले. बहुतेक जौनपूर-आजमगढकडचे. बोर्डावर नुसतं ‘डॉ. यादव’ आहे, म्हणून मला आपल्यातला समजून येतात. “कौन गाँव के हो, डाक्टर साब?” विचारतात. मी “यहीं के” म्हणतो आणि तोंड उघडायला सांगतो. यादव हे माझं नाव, आडनाव दोंदे, हे सांगायची वेळ अजून आली नाही. मी आणली नाही म्हणू या.

आज एक चूक झाली. दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथं लिहितो.

काशी, आमच्या वस्तीतल्या रामनाथकाकांची मुलगी. वय अठरा, बारावी झाली, टायपिंग शिकते. गेल्या शनिवारी गाल सुजवून आली होती. मी गोळ्या दिल्या, सूज उतरली की दाढ काढू म्हटलं. केसपेपरवर ‘खालची सहावी’, म्हणजे मधून मोजत सहावी, एवढंच लिहिलं. कुठल्या बाजूची, ते लिहायचं राहिलं.

आज आली तेव्हा सूज गेली होती. तोंडात दोन्ही बाजूंच्या सहाव्या दाढेवर काळा डाग. शनिवारी काढलेली एक्स-रेची छोटी फिल्म पाकिटातून काढून उजेडाला धरली. उजवी दिसली. इंजेक्शन देताना तिनं हात वर केला. मी म्हटलं, “हात खाली. घाबरायचं नाही.” बाहेर वीस माणसं बसली होती.

दाढ फार घट्ट होती. तेव्हाच हाताला कळायला हवं होतं. सडलेली दाढ इतकी झगडत नाही.

दुपारी फिल्मा पाकिटात भरताना लक्षात आलं. फिल्मच्या कोपऱ्यात एक बारीक फुगीर ठिपका असतो, तो आपल्याकडे यावा लागतो. मी तो पलीकडे ठेवून पाहिलं होतं. डावी दाढ उजवी होऊन दिसली.

काढलेली दाढ ट्रेमध्ये शोधून धुतली. मुळं शाबूत. वरचा डाग खसखशीएवढा. चांदी भरली असती तर पन्नास वर्षं टिकली असती.

धोंडूबाई हत्यारं उकळत होती. काल्हेरची बाई, दवाखाना उघडल्यापासून माझ्याकडे आहे. पेशंटचं डोकं धरते, भेदरलेल्या पोरांशी बोलते. माझ्या हातातल्या दाढेकडे बघून म्हणाली, “डॉक्टर, त्या पोरीची डावी दुखत होती न्हाय का?”

“दोन्ही खराब होत्या,” मी म्हणालो.

इतकं सहज बोललो, की ते खोटं आहे हे वाक्य संपल्यावर कळलं.

८ सप्टेंबर

सकाळी रामनाथकाका काशीला घेऊन हजर. डावीकडचं दुखणं रात्रभर राहिलं होतं.

हा माणूस राहनाळच्या गोडाऊनमध्ये हमालांचा मुकादम आहे. दोन वर्षांपूर्वी माझी दातांची जुनी खुर्ची ट्रकमधून आली तेव्हा जिना अरुंद म्हणून हमाल परत निघाले होते. काकांनी तिची पाठ सुटी केली, दोरीनं स्वतःच्या पाठीला बांधली आणि वर आणली. खालचा भाग दुसऱ्या खेपेला. वर पोचल्यावर घाम पुसत पहिल्यांदा मला ‘डॉक्टर’ म्हणाले. तोवर ‘यादव’ म्हणायचे, लहानपणी कधी ‘यादवा’. आता मी कितीही सांगितलं तरी ‘डॉक्टर’ आणि ‘तुमी’.

मी त्यांना सांगितलं की दोन्ही दाढा किडल्या होत्या, जास्त खराब आधी काढली, दुसरी आता काढावी लागेल.

“तुमी बघितलंय ना? मग झालं,” काका म्हणाले.

काशी काही बोलली नाही. लाजाळू मुलगी आहे.

११ सप्टेंबर

डावी दाढ काढली. ही खरोखर गेलेली होती, चिमट्यात तुकडे झाले. म्हणजे काशीला आता दोन्हीकडे चावायची मुख्य दाढ नाही. अठराव्या वर्षी.

दोन दिवस एकच विचार डोक्यात होता, आज त्याला वाट सापडली. तिच्या अक्कलदाढेचा एक्स-रे काढला. हिरडीच्या खाली आहे, मुळं अर्ध्याहून जास्त तयार, टोकं अजून उघडी. अशी दाढ अलगद काढून दुसऱ्या खाचेत बसवली तर धरते. कॉलेजात आमच्या सरांनी दोघांना केलेली मी जवळून पाहिली आहे. एकाची टिकली, एकाची सहा महिन्यांत मुळं विरघळली. वहीत सगळं टिपलेलं आहे. उजवीकडची खाच चार दिवसांची आहे, डावीकडे अजून पू आहे. तेव्हा उजवीकडेच.

स्वतःलाच विचारून पाहिलं की हे तिच्यासाठी करतोय की माझ्यासाठी. दोन्हींसाठी असेल. घेतलेली दाढ परत देतो आहे, यात वाईट काय.

काकांना समजावलं. त्यांना एवढंच कळलं की पोरीचीच दाढ काढून पोरीलाच लावणार. “भिवंडीत कुणी केलंय असं?”

“माझ्या माहितीत नाही.”

“मग करा,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

१८ सप्टेंबर

केलं.

सकाळी दहाला सुरुवात. मधल्या वेळी वीज गेली, धोंडूबाईनं बॅटरी धरली. हिरडी उघडून अक्कलदाढेवरचं हाड थोडं काढलं. दाढ हलवताना मुळाला काही लागता कामा नये, मुळावरचं ओलं आवरण खरवडलं की सगळं फुकट. दाढ मोकळी केली पण तिथंच ठेवली. मग उजवी खाच साफ करून रुंद केली. दाढ उचलून नव्या जागी नेली, पहिल्यांदा बसली नाही, परत तिच्या घरात ठेवली, खाच आणखी थोडी कोरली, पुन्हा नेली. दुसऱ्यांदा बसली. दाढ बाहेर राहिली ती सगळी मिळून एक मिनिट असेल. वरून रेशमाचे दोन टाके आडवे बांधले. समोरच्या दाढेला टेकू नये म्हणून थोडी खाली ठेवली.

माझे हात एकदाही कापले नाहीत. हे मी अभिमानानं लिहितो आहे.

काशीनं तासभर हूं की चूं केलं नाही. डोळे छताला लावून पडली होती. मी म्हटलं, “दुखलं तर हात वर कर.” तिनं माझ्याकडे बघितलं, हात काही वर केला नाही. इतका धीर मोठ्या माणसांतही पाहिला नाही.

सगळं झाल्यावर धोंडूबाई हत्यारं गोळा करत म्हणाली, “पोरीला खरं सांगितलंत का?”

“काय खरं?”

तिनं ट्रे उचलला आणि बेसिनकडे गेली.

२ ऑक्टोबर

टाके काढले. थोडी हलते, पण हिरडी गुलाबी, चिकटलेली. काशी दोन आठवडे पेज आणि मऊ भातावर आहे. काका म्हणाले, घरात सगळ्यांनीच पेज खाल्ली, तिला एकटीला नको वाटायला.

पेपरात रोज राखीव जागांवरून मोर्चे, भांडणं. खालच्या मजल्यावरचे एमबीबीएस डॉक्टर जिन्यात भेटले. म्हणाले, “तुमचं बरं आहे, दोंदे. इंजिनियरचा पूल पडतो तेव्हा सगळ्यांना दिसतं. दातांचं कोण बघतं.” हसत म्हणाले. मीही हसलो. वर येऊन खुर्ची पुसत बसलो, स्वच्छच होती तरी.

आज जर दाढेचं ते बाहेर पडलं तर हा माणूस ते कुणाकुणाला सांगेल याची यादी माझ्या मनात आपोआप तयार झाली.

१९ नोव्हेंबर

दाढ हलत नाही. नखानं वाजवली तर शेजारच्या दाढेसारखाच आवाज.

धोंडूबाई काम सोडून गेली. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही म्हणाली. काल्हेरला नवीन गोडाऊनं झाली आहेत, तिथं झाडलोटीचं काही बरं मिळालं असेल. मी थांब म्हटलं, पगार वाढवतो म्हटलं. “पैशाचं न्हाय डॉक्टर,” एवढंच बोलली. जाताना काशीच्या केसपेपरांची फाईल कपाटातून काढून माझ्या टेबलावर ठेवून गेली. का, कळलं नाही. बहुधा आवरताना राहिली असेल.

२० जानेवारी १९९१, रविवार

ठाण्याला दंतवैद्यांची सभा होती, तिथं केस मांडली. आठ स्लाइड. पाठ केलेलं सगळं न अडखळता बोललो. ‘किडीमुळे काढाव्या लागलेल्या दाढेच्या जागी’ असं म्हणालो.

टाळ्या झाल्या. मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, “उजवी सहावी काढण्याआधीचा एक्स-रे दाखवला नाहीत?”

“पावसात भिजून खराब झाला, सर.”

“अरेरे,” ते म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

उजवीचा एक्स-रे कधी काढलाच नव्हता. डावीचा आहे, माझ्या ड्रॉवरमध्ये, कोरडा.

चहाच्या वेळी तेच डॉक्टर जवळ आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “छान काम. तुमच्यासारख्यांनी असं काही केलं ना, की बोलणाऱ्यांची तोंडं बंद होतात.”

परत येताना एस.टी.त ‘तुमच्यासारख्यांनी’ हा एकच शब्द मनात घोळत होता. त्यांना चांगलंच म्हणायचं होतं. मला चपराक बसल्यासारखं का वाटलं ते कळत नाही. चपराक बसण्याइतका मी निर्दोष तरी कुठं होतो.

१७ फेब्रुवारी

इथल्या पेपरात छापून आलं. ‘भिवंडीत दंतरोपणाचा यशस्वी प्रयोग.’ माझा फोटो, काशीचं नाव. रामनाथकाकांनी कात्रण फ्रेम करून आणलं आणि स्वतः खिळा ठोकून वेटिंगच्या भिंतीवर लावलं. पेशंट वाढले आहेत. यू.पी.वाले, तेलुगू, मोमीनपुऱ्यातल्या बायका, सगळे. वस्तीतली माणसं आता जिन्यावरच्या रांगेत ताठ बसतात, जणू दवाखाना त्यांचा आहे. आहेच म्हणा.

१५ एप्रिल

काल जयंती. यंदा शंभरावं वर्ष, त्यामुळे नारपोलीपासून विहारापर्यंत निळे झेंडे, मिरवणूक, संध्याकाळी कार्यक्रम. माझा सत्कार होता. शाल, बाबासाहेबांची तसबीर.

सत्कार झाल्यावर काकांनी माईक घेतला. “आमच्या डॉक्टरनी काय केलंय ते नुसतं ऐकू नका, बघा,” म्हणाले आणि काशीला स्टेजवर बोलावलं. ती येईना. काका खाली उतरले, तिला काहीतरी बोलले, दंडाला धरून वर आणलं. मग खिशातून बॅटरी काढली. पहिल्या रांगेतली माणसं एकेक करून वर आली आणि तिच्या तोंडात वाकून बघत गेली. काशी तोंड उघडून उभी होती. एकानं विचारलं, “कुठली गं?” तिनं बोट लावून दाखवली.

तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. स्टेजवर हॅलोजन लावले होते, माझ्याही डोळ्यांवर तिरीप येत होती.

मी ‘पुरे, काका’ म्हणायला हवं होतं. शाल सावरत बसलो.

२४ सप्टेंबर, मंगळवार

वर्षाची तपासणी. काशी एकटी आली. हल्ली काल्हेरला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात टायपिस्ट आहे, तिथून परस्पर.

एक्स-रे काढला. मुळं वाढली आहेत, भोवती हाड पूर्ण भरलं आहे. पुस्तकात छापावं असं चित्र. मी तिला फिल्म दाखवून समजावू लागलो.

ती म्हणाली, “परत कधी यायचं?”

“आता दोन वर्षांनी आलीस तरी चालेल.”

“मी येणार नाही, डॉक्टर.”

मला वाटलं लग्न ठरलं असेल. तसं विचारलंही.

“नाही,” ती म्हणाली. “उजवी चांगली होती.”

बाहेर दोन पेशंट होते. मी उठून दार लावलं. कधी कळलं, म्हणून विचारलं.

“इंजेक्शन दिलंत तेव्हाच. दुखत होती डावी, बधीर झाली उजवी. मला कळणार नाही?”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलायलाच हात वर केला होता.”

माझ्या स्टुलावर बसलो, ती खुर्चीत. मी म्हटलं, “पण नंतर? वर्ष झालं.”

“नंतर कुणाला सांगू? घरी सांगितलं असतं तर कुठून तरी बाहेर गेलंच असतं. तेव्हा पेपरात काय चाललं होतं, तुम्हाला माहीत आहे. टायपिंगच्या क्लासात मुलं मला ऐकू जाईल असं बोलायची, ह्यांच्या डॉक्टरकडे कोण जाईल, आहे ते पण उपटून ठेवतील. मी म्हणायची, मी जाते. आमचे डॉक्टर चांगले आहेत. गालात कापूस धरून म्हणायची.”

तिचा आवाज चढला नाही. टाइप केलेलं वाचून दाखवावं तशी बोलत होती.

मी माफी मागितली. वर्षभर मनात जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आठवलं नाही, नुसतं ‘चुकलो’ म्हणालो.

“मला नको ते,” ती म्हणाली. “बाबांना सांगा. अजून रस्त्यात कुणी भेटलं की मला तोंड उघडायला लावतात.”

ती गेल्यावर कळलं, तिच्या मौनाला मी वर्षभर लाज समजत होतो. धीर समजत होतो. अज्ञान समजत होतो. काय काय समजलो.

३० सप्टेंबर

गेलो नाही. पेशंट होते.

३ ऑक्टोबर

गेलो नाही. पेशंट फार नव्हते.

७ ऑक्टोबर, सोमवार

राहनाळला गेलो. गोडाऊनसमोर ट्रक रिकामा होत होता. काकांनी मला बघितलं आणि हमालांना थांबवलं. “हे आमचे डॉक्टर. बघून ठेवा. दात दुखला तर ह्यांच्याकडंच जायचं.” एकानं डोक्यावरची गाठ तशीच ठेवून मला जयभीम केला.

त्यांना बाजूला घेतलं. मागच्या शेडमध्ये कापडाच्या गाठी रचलेल्या होत्या, तिथं उभं राहून सगळं सांगितलं. फिल्म उलटी धरली इथपासून स्टेजपर्यंत. मधे थांबलो असतो तर पुढचं बोलता आलं नसतं.

काकांनी एकच विचारलं. “तिला माहीत हाय?”

“हो.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

ते गाठीवर बसले. तळहात गुडघ्यावर पालथे. मग म्हणाले, “जयंतीला ती नको म्हणत होती. मी वरडलो तिच्यावर. म्हणलं, एवढा मोठा डॉक्टर, तुला किंमत न्हाय.”



“आनि घरी पेज खाल्ली समद्यांनी,” ते म्हणाले. हे ते मला सांगत नव्हते.

मी म्हटलं, “काका, मी विहारात सगळ्यांसमोर सांगायला तयार आहे. पेपरलाही पत्र लिहितो.”

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. “तुमी तयार हाव. तुमचं बरं हाय. सांगून मोकळं व्हाल. मग मी काय करू? उद्या कुनाच्या पोराला शिक म्हणून सांगायचं कसं? ते तुमच्या खालच्या मजल्यावरचे लोक काय म्हणतील, ठावं हाय ना?”

“ठाऊक आहे.”

“मग ही गोष्ट हितंच ऱ्हाऊ द्या. गाठींना कान न्हाईत.”

ते उठले, पँट झटकली आणि ट्रककडे गेले. हमालांना म्हणाले, “चला रे, काय बघताय.” मी त्यांच्या मागोमाग गेलो, तर माझ्याकडे वळून हसले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “या डॉक्टर, परत या.”

रिक्षात बसल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. ते इथं लिहायची लाज वाटते, पण वाटलं. आता कुणाला सांगावं लागणार नाही, आणि तसं मी ठरवलं नाही, त्यांनी ठरवलं.

२ नोव्हेंबर

भिंतीवरचं कात्रण परवा काढून ठेवलं. आज काका शेजारच्या एका म्हातारीला दाढदुखीसाठी घेऊन आले. तिला जिना चढवून वर आणलं, बाकावर बसवलं, मग भिंतीवरचा रिकामा खिळा बघितला. वेटिंगमध्ये वस्तीतली चारपाच माणसं होती.

“कात्रण कुठं गेलं, डॉक्टर?”

“काच फुटली, काका.”

“लावा परत. लोक विचारत्यात.”

मी आत जाऊन ते आणलं आणि त्यांच्यासमोर खिळ्याला अडकवलं. ते सरळ आहे का बघायला दोन पावलं मागे सरकले, मान हलवली. म्हातारीची दाढ काढून होईपर्यंत बाहेर थांबले. आत आले नाहीत. तिला उतरवून घेऊन गेले.

कुठल्या बाजूची दाढ, ते मी तिला तीनदा विचारलं. म्हातारी वैतागली.

१२ डिसेंबर

डावीकडची मोकळी जागा काशीनं ठाण्याच्या एका डॉक्टरांकडून भरून घेतली, असं ऐकलं. म्हणजे ती एस.टी.नं जाते येते, दिवस मोडून. त्या डॉक्टरांनी उजवीकडे बघून विचारलंच असेल, हे इतकं सुरेख कुणी केलं. तिनं काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे. माझं नाव सांगितलं असेल.

वस्तीत काही बदललेलं नाही. पेशंट येतात. एका घरात मुलाला दहावीच्या सहामाहीत बरे मार्क पडले, त्याला माझ्याकडे पाया पडायला आणलं होतं. काका रस्त्यात भेटतात. लोक असले की लांबूनच हात वर करून पूर्वीसारखे मोठ्यानं म्हणतात, “जयभीम, डॉक्टर.” मीही म्हणतो. बघणाऱ्याला काही कळत नाही.

आज विहाराच्या मागच्या गल्लीत ते समोरून आले. गल्लीत आम्ही दोघंच होतो. मी थांबलो, हात जोडले. ते भिंतीच्या बाजूनं सरकून, वाटेत एखादी हातगाडी उभी असावी तसे, मला वळसा घालून पुढे गेले.